एकोणीस ठिपके

काळुराम शिंगोटे सव्वीस वर्षं माणसांच्या छातीचे फोटो काढत आला. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" एवढ्या तीन हुकमांवर त्याचा संसार उभा राहिला, मुलीचं लग्न झालं आणि ठाकुर्लीच्या जयदुर्गा चाळीतली दीड खोली स्वतःच्या नावावर झाली. सवय अशी अंगात मुरलेली, की मिरचीच्या फोडणीने घरातले सगळे खोकायला लागले तरी हा आतून "धरून ठेवा" म्हणायचा, असं त्याची बायको रंभा सांगते. यात पदरचं थोडं असेल, पण फार नाही.

माणूस नाकासमोर चालणारा. खोड एकच, आणि ती चाळीत सगळ्यांना पाठ होती. त्याला शिकवायची भारी हौस. नळावर कुणी दोनदा खोकलं की हा बादली खाली ठेवून सुरू व्हायचा. टीबी म्हणजे कुणाची नजर नाही, शाप नाही, साधा जंतू आहे. गोळ्यांनी मरतो. माणसाची ताटवाटी वेगळी काढून मरत नाही. शेजारच्या विमलाबाई तर त्याला लांबून बघूनच तोंडाला पदर लावायच्या, खोकला आला तरी आवाज होऊ नये म्हणून.

लोक हसायचे, पण त्याच्या या हौसेमागचं कारण फार थोड्यांना ठाऊक होतं. काळुरामचा बाप शिवराम क्षयाने गेला, जुन्नरकडच्या गावात. शेवटचे चौदा महिने त्याला गोठ्याच्या पडवीत ठेवलेलं. नऊ वर्षांचा काळुराम त्याची थाळी उंबऱ्यावर ठेवायचा आणि आईने बजावलं होतं तसा पाठ फिरवून पळत सुटायचा. आतून बाप विचारायचा, "ठेवलीस का रे?" उत्तर द्यायला पोरगा एकदाही थांबला नाही. ही गोष्ट त्याने रंभाला सांगितली ती लग्नानंतर सात वर्षांनी, आणि एकदाच.

दोन वर्षांपूर्वी कल्याणातल्या त्याच्या खाजगी दवाखान्याने एक्सरेचं खातं गुंडाळलं. बावन्नाव्या वर्षी आता कोण कामाला ठेवणार, म्हणून तो घरी बसला असता. पण ठाण्याच्या एका कॉलेजात मैथिली मॅडमना एक्सरे काढणारा अनुभवी माणूस हवा होता. या मॅडम डॉक्टर खऱ्या, पण औषध देणाऱ्या नव्हेत, भौतिकशास्त्रातल्या. त्यांचं संशोधन असं, की कॅमेऱ्यासारखं हातात मावणारं एक्सरेचं यंत्र वस्तीत न्यायचं, एरवीपेक्षा बरेच कमी किरण सोडायचे, आणि त्यातून येणारा धुरकट फोटो कॉम्प्युटरला वाचायला शिकवायचा. ते जमलं तर छाती तपासायला कुणाला एक दिवसाचा रोज बुडवून रांगेत उभं राहावं लागणार नव्हतं. कामात मॅडम, एक छातीचे डॉक्टर आणि एक साथरोगांचे जाणकार असे तिघे होते. तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, पण इथे चौथा काळुराम होता. यंत्र, तीनपायी स्टँड आणि प्लेट वाहून नेणारा तोच.

प्लेट म्हणजे दीड फुटाची चपटी पाटी. तिला छाती टेकवून उभं राहायचं, पाठीकडून यंत्राने किरण सोडायचे, की फोटो प्लेटवर येतो. किंमत विचारू नये इतकी. जयदुर्गा चाळीत तपासणी ठरली तेव्हा काळुरामला तिथल्या धुळीची धास्ती पडली. तपासणी व्हायची होती ते चाळीपुढचं मैदान म्हणजे बारा महिने उडता धुरळा. मग रंभाने काळ्या रेक्झिनची एक खोळ शिवून दिली, उशीच्या अभ्र्यासारखी. मॅडमनी ती उलटसुलट पाहून "छान शिवलीय वहिनींनी" म्हटलं. बाकीच्या वस्त्यांत तपासणी बंद खोल्यांत व्हायची, तिथे खोळीची गरज पडली नाही.

आपल्या चाळीत आपला शब्द राहावा म्हणून काळुरामने पहिली उभी केली ती रंभालाच. ती उभी राहिली, मग विमलाबाई, मग चाळीतला देवराम, आणि रविवारच्या त्या एका दिवसात चौसष्ट माणसांचे फोटो झाले. काळुराम संध्याकाळी लग्नघरच्या बापासारखा फिरत होता.

दहा दिवसांनी, बुधवारी संध्याकाळी, ठाण्याहून यादी आली. चौसष्टांपैकी एकोणीस जणांच्या फुफ्फुसावर ठिपका. यादीतलं पहिलं नाव रंभाचं.

छातीचे डॉक्टर फोनवर शांतपणे बोलले. जुन्या आजाराचा व्रण असू शकतो, टीबी असू शकतो, गाठही असू शकते. आधी थुंकी तपासू, मग सीटी. सोमवारी थुंकीत काही सापडलं नाही. दुसऱ्या कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं, पण काळुरामच्या तोंडचं पाणी पळालं, कारण टीबी नाही म्हटल्यावर त्याच्या मनात गाठ हा एकच शब्द उरत होता. सीटीची तारीख कळव्याच्या मोठ्या दवाखान्यात तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

रंभाने मात्र थुंकीचीही वाट पाहिली नाही. बुधवारीच तिने आपलं ताट, वाटी आणि पेला मांडणीवरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर वेगळे ठेवले. त्यांची मुलगी संचिता आठ महिन्यांच्या पोरीला घेऊन माहेरपणाला आलेली. रंभाने नातीला घेणं सोडलं. पोरगी हात पुढे करून रांगत यायची, आणि ही उठून मोरीकडे जायची.

"अगं, याची काही गरज नाही," काळुराम म्हणायचा. "तुला खोकला नाही, ताप नाही."

"तुमची गरज तुमच्यापाशी ठेवा," रंभा म्हणायची. "लेकरू आहे घरात."

इकडे चाळीचं वारं फिरलं. देवरामची सून दोन्ही मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. देवराम गिरणीतून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ. पण तोसुद्धा ओरडला नाही. ओट्यावर बसून म्हणाला, "काळू, तुझ्या भरवशावर उभा ऱ्हायलेलो मी. आता आमच्या दारात कोण चपला काढत नाय." काळुरामला वाटलं, याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

ठाण्यात मैथिली मॅडमचीही झोप उडाली होती. बाकीच्या वस्त्यांत शंभरात दोन-तीन ठिपके, आणि या एका चाळीत चौसष्टात एकोणीस. त्यांनी काळुरामला पहिल्याच दिवशी विचारलं, "प्लेटवर काही लागलंय का?" त्याने त्यांच्यासमोर प्लेट खोळीतून काढून पुसली, कुणालाही उभं न करता कोरा फोटो काढला. फोटो स्वच्छ. मग मॅडमच्या डोक्यात चाळीपुढची धूळ शिरली. धुळीतून काही फुफ्फुसात जात असेल का? आठवडाभराने आरोग्य खात्याच्या लोकांसमोर त्यांना हे मांडायचं होतं. एकदा तिथे बोललं, की जयदुर्गा चाळीचं नाव रोगी वस्ती म्हणून कागदावर चढणार, आणि कागदावर चढलेलं नाव उतरवायला जन्म जातो.

नवव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मॅडमनी त्याला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. पडद्यावर एकोणीसच्या एकोणीस ठिपके त्यांनी मोठे करून ओळीने लावले होते, फक्त ठिपके, भोवतालची माणसं कापून टाकलेली.

"बघा, काळुरामदादा. तुम्ही आमच्यापेक्षा जास्त फोटो पाहिलेत. हे इतके पांढरे का आहेत? हाडसुद्धा एवढं पांढरं येत नाही."

काळुराम बघत राहिला. पांढरे तर होतेच. पण प्रत्येक ठिपक्याला वरच्या अंगाला एक बारीक शेपूट होतं. रंभाच्या ठिपक्याला होतं, देवरामच्या होतं, विमलाबाईंच्या होतं. आजार इतका शिस्तीचा नसतो. ते शेपूट बघता बघता त्याच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आपोआप वर उचललं गेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी काळुरामने जन्मात कुणाला सांगितली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, त्यातली गत. नजर-शाप काही नसतं म्हणून चाळीला पिडणाऱ्या या माणसाकडे गावच्या मारुतीचा शेंदूर तेलात कालवून ठेवलेली एक डबी होती. आयुष्यात जे जे नवं यंत्र हाताखाली आलं, त्याला कुणाच्या दृष्टीस पडणार नाही अशा जागी त्याने त्या बोटाने एक टिळा लावला होता आणि शेवटी बोट जरासं वर ओढलं होतं, गावचा गुरव ओढायचा तसं. कधी टेबलाखाली, कधी स्टँडच्या पाठीमागे. सव्वीस वर्षांत एकही यंत्र दगा देऊन गेलं नाही, त्यामुळे श्रद्धा घट्टच होत गेली. मॅडमच्या या यंत्रावर मात्र जागाच सापडेना, कारण त्या रोज ते सगळीकडून न्याहाळायच्या. म्हणून तपासणीच्या सकाळी त्याने टिळा लावला तो खोळीच्या आत.

सव्वीस वर्षांच्या एक्सरेवाल्याला प्लेटसमोर काही येऊ नये एवढं कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. बायकांच्या गळ्यातलं मंगळसूत्र, पुरुषांची साखळी, ब्लाउजचे हूकसुद्धा तो बाजूला करायला लावायचा. पण धातू म्हणजे चमकणारा, वाजणारा. शेंदूर त्याच्या लेखी धातू नव्हता, देव होता.

"मॅडम, जरा जाऊन येतो," एवढं म्हणून तो खालच्या सामानाच्या खोलीत गेला. खोळ उलटी केली. आतल्या बाजूला, छाती टेकते तिथेच, टिळा वाळून बसला होता, शेपटासकट. खोलीत नळ होता, साबणाची वडीही होती. दोन मिनिटांचं काम. धुवून टाकावं, प्लेट मध्येच बिघडली होती म्हणून सांगावं, एकोणीस जणांचे फोटो परत काढावेत, आणि आपण होतो तसे चाळीचे शहाणे राहावं. त्याने नळ सोडलाही.

पण पाण्याखाली खोळ धरवेना. टिळा धुतला असता तर लाज वाचली असती, पण रंभाच्या छातीवरचा ठिपका हाच होता की दुसरा, हे त्याला कुणी सांगू शकलं नसतं. नव्या फोटोत तो नसला, तरी जुना कशाचा होता हा किडा डोक्यात राहिलाच असता. त्याने नळ बंद केला आणि खोळ दोन्ही हातांवर घेऊन जिना चढला.

मॅडमसमोर त्याने सगळं सांगितलं. डबी, मारुती, बोट, सगळं. सांगताना नजर जमिनीवर.  मॅडमनी खोळ घेतली, प्लेटवर चढवली, प्लेट स्टँडला लावली आणि म्हणाल्या, "बटण तुम्ही दाबा."

समोर कुणी नव्हतं, तरी तोंडातून निघालंच, "धरून ठेवा." बटण दाबलं. पडद्यावर काळाभोर चौकोन आला आणि त्यात एक पांढरा ठिपका, शेपटासकट. मॅडमनी शेजारी रंभाचा फोटो आणला आणि एकावर एक ठेवला. ठिपक्यावर ठिपका असा बसला, की दोनाचा एक झाला. मग देवरामचा. मग विमलाबाईंचा.

काळुराम होता तिथे स्टुलावर बसला आणि रडला. आवाज न करता, खांदे हलवत, नऊ दिवसांचं एकदम. त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि पडताना भांडं वाजणारच. मॅडमनी त्याला पाणी दिलं आणि स्वतः खुर्चीत टेकल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं. चष्मा काढून डोळे पुसावे लागले इतकं.

"जुन्या पद्धतीच्या शेंदरात शिसं असतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांत नसेल, पण तुमच्या मारुतीच्या शेंदरात नक्की आहे. तुम्ही इतकी वर्षं जो एप्रन घालत होता ना, किरणं अडवायला? त्यात काय असतं?"

"शिसं," काळुराम म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सव्वीस वर्षं शिसं अंगावर वागवलं आणि डबीतलं ओळखलं नाही.

ठिपका एकोणिसांच्याच फोटोत का, तेही उलगडलं. ज्यांच्या वेळी टिळा फुफ्फुसासमोर येईल अशा उंचीवर प्लेट होती त्यांच्या फुफ्फुसावर तो उतरला. बाकीच्यांत तो खांद्यावर गेला किंवा अंगाबाहेर पडला, आणि फुफ्फुसाबाहेरचं कॉम्प्युटर बघतच नव्हता. मॅडम मग गंभीर झाल्या. "कोरा फोटो आपण खोळ काढून काढला, ही चूक माझी. जे लावून काम करतो ते लावूनच तपासायला हवं होतं. बैठकीत मी हे सगळं सांगणार आहे. तुमचं नाव घेऊ की नको?"

"घ्या," काळुराम म्हणाला. "चाळीत तर मीच सांगणारे."

आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी अठरा दारं त्याने एकट्याने वाजवली आणि प्रत्येक दारात तीच कथा पहिल्यापासून सांगितली, डबी हातात धरून. शिकवायची हौस त्या एका दिवसात बरीच फिटली. विमलाबाई ऐकून घेता घेता भिंतीला टेकून हसल्या. म्हणाल्या, "अरे, नऊ दिवस मी मृत्युपत्राचा विचार करतेय. द्यायला काही नाही हे तेव्हाच कळलं." एकाने मुस्काटात मारायला हात उचलला आणि उचललेल्या हाताने त्याला जवळ ओढलं. देवरामने सगळं ऐकलं, मग शेवटी त्याने त्या दोन शिव्या हासडल्या, आणि काळुरामला फार बरं वाटलं.

रंभाला त्याने शुक्रवारीच सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "परत काढा. डोळ्यांनी बघेन, मग मानेन." तिचं ताट खिडकीतच राहिलं.

रविवारी मॅडम स्वतः ठाण्याहून आल्या. मैदानात पुन्हा स्टँड लागला. या वेळी धुळीसाठी घरून आणलेली कोरी पातळ प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिचाही कोरा फोटो आधी काढला गेला. एकोणीस माणसं पुन्हा उभी राहिली, "धरून ठेवा" झालं, "सोडा" झालं, आणि दर फोटोला चाळ जवळ येऊन डोकावत होती. एकोणिसांतल्या एकोणीस छात्या स्वच्छ निघाल्या. मॅडमनी छातीच्या डॉक्टरांना तिथूनच फोटो पाठवले आणि दुपारी त्यांचा फोन आला, सीटीच्या तारखा रद्द करा. कुणीतरी पेढे आणले, कुणीतरी देवरामच्या सुनेला फोन लावून दिला. देवराम तिला म्हणाला, "ये आता. सासरा धुतल्या तांदळासारखा आहे." रंभाने आपला फोटो पडद्यावर दोनदा बघितला, जवळ जाऊन, आणि घरी गेली.

काळुराम पाठोपाठ घरात आला तेव्हा ताट, वाटी, पेला मांडणीवर परत गेले होते. रंभा जमिनीवर बसली होती आणि नात तिच्या मांडीत, तिच्या बांगड्या चघळत. संचिता दारात उभी राहून डोळे पुसत होती. काळुरामला इतकं हलकं वाटत होतं की कुठे बसावं ते सुचेना. तो म्हणाला, "झालं बाई एकदाचं. संपलं."

"नऊ दिवस तुम्ही माझ्या हातचा चहा घेतला नाहीत," रंभा म्हणाली.

आवाजात राग नव्हता. तिने पोरीच्या तोंडातून बांगडी सोडवली.

"काल सकाळी घेतलात. आज घेतलात. त्याआधीचे नऊ दिवस नाही."

"सकाळी घाई असायची गं..." काळुरामने सुरुवात केली आणि वाक्य तोंडातच राहिलं. खरं होतं. स्वयंपाक संचिता करत होती, पण सकाळचा पहिला चहा रंभाच टाकायची, कारण उकळत्या पाण्यात जंतू मरतात हे तिला त्यानेच कधीतरी शिकवलं होतं. आणि तो रोज वीस मिनिटं आधी बाहेर पडून स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेत होता. काम आहे, लवकर पोचायला हवं, असं स्वतःला सांगत होता, आणि स्वतःला ते पटतही होतं. शनिवारी सकाळी मात्र तो आरामात बसून दोन कप प्याला होता. तेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तिच्या आलं होतं.

त्याने मान खाली घातली.  तिने नातीला संचिताकडे दिलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि गॅस पेटवला.

"टाकू का?" तिने विचारलं.

"टाक," काळुराम म्हणाला. तो उठून ओट्यापाशी तिच्याजवळ जाऊन उभा राहिला, आणि चहा उकळून कपात ओतला जाईपर्यंत तिथून हलला नाही.